रक्त जेवत होतं

वहिनीच्या धाकट्या दिराला घरात आणि बंदरावर सगळे एक्का म्हणत, कारण रांग दिसली की हा तिच्या तोंडाशी उभा. दवाखान्यात पहिला, न्हाव्याकडे पहिला. एकदा तर भलत्याच रांगेत पहिला उभा राहून तो कुणा अनोळखी माणसाच्या अंत्ययात्रेच्या बसमध्ये जाऊन बसला होता आणि घरी परतला तेव्हा त्याचे डोळे खरोखरच सुजलेले होते. लग्नाच्या बाबतीत मात्र तो मागे राहिला तो राहिलाच. त्यावरचे विनोद त्याला बेचाळिसावं लागलं तरी घरात संपले नव्हते.

अठरा वर्षं तो बंदरावर क्रेन चालवत होता. जमिनीपासून चाळीस मीटर उंचीवर एक काचेची खोली, तिला पायाखालीही काच. तिथे बसून तो जहाजावरचे लोखंडी कंटेनर उचलायचा आणि खाली ट्रकवर असे ठेवायचा, की ड्रायव्हरच्या हातातला चहा हलू नये. खालून माणसं हातवारे करत फिरायची. एवढं वजन आपल्या डोक्यावरून जातंय याकडे त्यांचं लक्षही नसे, कारण वर एक्का आहे हे त्यांना माहीत असे.

वर्षातून एकदा कंपनी बंदरावर शिबिर भरवून सगळ्यांची तपासणी करून घेई. यंदा एक्काच्या रक्तातली उपाशीपोटीची साखर निघाली त्रेचाळीस. धडधाकट माणसाची सत्तर ते शंभरच्या मध्ये असते. पन्नासच्या खाली गेली तर गरगरतं, घाम फुटतो, कधी शुद्धही जाते. कंपनीच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि त्याच दिवशी एक्काला क्रेनवरून उतरवून फाटकावर पास तपासायला बसवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा बघू म्हणाले. वरच्या खुर्चीत एक बदली माणूस बसला.

एक्का आईबरोबर खालच्या मजल्यावर राहायचा, वहिनी आणि तिचा नवरा वरच्या. आईंना तर रानच मोकळं मिळालं. मुलाने भूक नाही म्हणायची सोयच उरली नाही. त्यांनी घड्याळाला दर दोन तासांचा गजर लावला. केळं, साखर घातलेलं दूध, मध लावलेला पाव, पुन्हा केळं. फाटकावर डबा पोचायचा तो तीन कप्प्यांचा. आठ दिवसांत एक्काचं वजन तीन किलोंनी वाढलं आणि पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

वहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं रक्त तपासत होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की एका आकड्यावर विसंबू नका, पुन्हा तपासून घ्या. पण एक्का तयार होईना. पुन्हा तेवढीच निघाली तर काय, एवढंच तो म्हणायचा आणि केळं सोलायला घ्यायचा.

आठव्या दिवशी संध्याकाळी जेवायच्या वेळी तो वर आला, तो रिपोर्टची प्रत घेऊन. कंपनीने ती त्याला आजच दिली होती. वहिनीने ताट बाजूला सारून कागद हातात घेतला. वर नाव नव्हतंच, नुसता क्रमांक होता. बंदराचा क्रमांक, त्यापुढे एक. खाली त्रेचाळीस. त्याखाली सही.

सही तिची होती.

तिला आधी ती परक्याची वाटली, इतकी नीटनेटकी. मग तिने पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "भाऊजी, तुम्ही रक्त किती वाजता दिलंत?"

"सहाला. सिस्टरबाईंनी दार उघडलं तेव्हा मी दारातच होतो."

"म्हणजे पहिलेच?"

"मग काय शेवटचा जाऊ?"

वहिनीने त्या रात्री पुढे काही विचारलं नाही आणि काही सांगितलंही नाही. खात्री नसताना बोलायची तिला सवय नव्हती.

सकाळी लॅबमध्ये तासभर लवकर जाऊन तिने त्या दिवसाची नोंदवही काढली. बंदराच्या चाळीस ट्यूबा, पोचल्या चार वाजून वीस मिनिटांनी, हे तिच्याच अक्षरात होतं. सगळ्या लाल झाकणाच्या. आता तिला तो दिवस लख्ख आठवला. साखरेसाठी राखाडी झाकणाची ट्यूब लागते. तिच्यात चिमूटभर औषध असतं, ते रक्तातल्या पेशींचं साखर मोडण्याचं काम बंद पाडतं. लाल झाकणाच्या ट्यूबेत असं काही नसतं. तिच्यातल्या पेशींना आपण माणसाच्या अंगातून बाहेर पडलोय याचा पत्ताच नसतो, त्या साखर खात राहतात. म्हणून अशी ट्यूब तासाभरात यंत्रात गरगर फिरवून पेशी खाली बसवाव्या लागतात, आणि म्हणूनच रक्त किती वाजता काढलं ते कागदावर लिहावं लागतं. वेळ नसेल तर नमुना परत पाठवायचा, हे वहिनीने आजवर लॅबमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. शिकवताना ती बोट उगारून वेळ विचारायची, म्हणून मुली पाठीमागे तिला 'वाजले किती' म्हणत, हेही तिला माहीत होतं.

त्या दिवशी चाळीसही कागदांवर वेळेचा चौकोन कोरा होता. तिने शिबिराच्या सिस्टरांना फोन केला होता. राखाडी ट्यूबांचं खोकं आलंच नाही, गाडी वाटेत बंद पडली, असं सिस्टर रडकुंडीला येऊन सांगत होत्या. ताई, चाळीस माणसं उपाशी बसवून रक्त काढलंय हो, पुन्हा कुणाकुणाला टोचू, म्हणाल्या. वहिनीचं मन पाघळलं. सकाळच्याच तर आहेत, असं म्हणून तिने ट्यूबा आत घेतल्या, लगेच फिरवल्या, मशीनला लावल्या आणि एकेका कागदावर सही करत गेली.

आता तिने ते चाळीस आकडे क्रमांकाने एकाखाली एक लिहिले. पहिला त्रेचाळीस. दुसरा शेहेचाळीस. मग पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. मधे कुठे एखादा वर, एखादा खाली, पण एकूण आकडे चढतच होते, आणि दुपारी एकला रक्त दिलेल्या चाळिसाव्याची साखर होती चौऱ्याहत्तर. बंदरावरच्या माणसांची साखर रांगेतल्या नंबराप्रमाणे वाढते, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. पन्नासच्या खाली सात जण होते. बाकीचे सहा टेबलावर बसून काम करणारे. त्यांना डॉक्टरांनी न्याहारी करत जा, एवढंच सांगितलं होतं. उंचावर काम करणारा एकच होता आणि तोच दारात पहिला उभा होता.

मोठ्या मॅडम, म्हणजे लॅबच्या प्रमुख, आल्या आल्या वहिनीने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. पहिला क्रमांक आपल्या दिराचा असल्याचंही सांगितलं, वेळेच्या कोऱ्या चौकोनाचंही. मॅडमनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर. नंतर त्यांनी चाळीसही रिपोर्ट मागे घेतल्याचं पत्र लिहायला घेतलं आणि तुमच्या फायलीत नोंद करावी लागेल, असं हळूच म्हणाल्या. वहिनीने ती नोंद स्वतःच लिहून आणली होती. मॅडमनी तीतलं एक विशेषण खोडलं, बाकी तशीच ठेवली.

घरी सांगणं जास्त अवघड होतं. वहिनी खाली गेली तेव्हा आई सफरचंद कापत होत्या आणि एक्का समोर बसून, शिक्षा भोगल्यासारखा, फोडी गिळत होता. वहिनीने उभ्याउभ्याच सांगितलं. आईंची सुरी थांबली. एक्काने तोंडातली फोड गिळली. मग त्याने बशी दूर सारली.

"म्हणजे चोर घरातलाच निघाला," तो म्हणाला. "आणि मी आठ दिवस केळी खातोय."

"माझं चुकलं, भाऊजी."

"चुकलं तर चुकलं. तुम्ही आठ दिवस गप्प बसला असतात तर मी भांडलो असतो." मग जरा थांबून, "पण एक विचारू? कशावरून आता चुकत नाही?"

आईंनी मात्र इतकंच विचारलं, की मग आता हे सफरचंद कुणी खायचं.

कंपनीचे डॉक्टर सरळ माणूस होते. लॅबच्या शब्दावर खाली उतरवलं, आता लॅबच्याच शब्दावर वर चढवणार नाही, म्हणाले. दोन वेगळ्या ठिकाणी तपासा. एका ठिकाणी निघाली एकोणनव्वद, दुसऱ्या ठिकाणी एक्क्याण्णव. गुरुवारी एक्काच्या हातात कामावर चढण्याचं प्रमाणपत्र पडलं. सोमवारपर्यंत हजर न झाल्यास बदली माणसाला खुर्चीवर कायम करू, असंही त्यात होतं. आनंदीआनंद व्हायला हवा होता. आईंनी गजर बंद केला.

गुरुवारी एक्का क्रेनवर गेला नाही. शुक्रवारीही नाही. फाटकावरच बसला. बदली माणसाला सवय होतेय तर होऊ दे, असं काहीतरी म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी वहिनी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली, तेव्हा तो कठड्याशी उभा होता. तिथून बंदर दिसायचं, क्रेनचे हात दिसायचे. त्याने तिच्या हातातल्या चादरीचं एक टोक धरलं. दोघांनी मिळून ती घडी घातली.

"शिडीपर्यंत जाऊन आलो आज," तो म्हणाला. "तिसऱ्या पायरीवर हाताला घाम सुटला. आकडा कळल्यापासून हे असं आहे. खाली माणसं असतात, वहिनी. मला आपलं वाटतं, आत काहीतरी चालू असतं ते मधेच बंद पडलं तर?"

"एकोणनव्वद आली ना?"

"त्रेचाळीसही आली होती. कागदच तो."

वहिनी उशांचे अभ्रे एकात एक घालत राहिली. त्याचं म्हणणं खरं होतं. आकड्यावर त्याने विश्वास का ठेवावा? तिने स्वतः तरी कधी ठेवला होता? ती ठेवत आली होती तो आकडा येतो कसा यावर, आणि ते एक्काला कुणी दाखवलंच नव्हतं.

"उद्या रात्रीचं जेवण झालं की काही खाऊ नका," ती म्हणाली. "रविवारी माझ्याबरोबर या. दिवसभर लागेल."

आईंनी ऐकलं तेव्हा त्या कळवळल्या. आठ दिवस ज्या पोराला दोन तासही रिकामं राहू दिलं नाही, त्याला आता दिवसभर उपाशी ठेवणार? वहिनीने सांगितलं, की मी शेजारी बसून असेन, जरा काही वाटलं तर लगेच खायला घालीन. आईंनी तरीही रविवारी सकाळी तिच्या पिशवीत सहा केळी आणि पावाची लादी कोंबली.

रविवारी लॅबमध्ये एकटी वहिनी कामावर असे. मॅडमना तिने आधीच विचारून ठेवलं होतं. सकाळी सात वाजता तिने एक्काच्या दंडाला पट्टी बांधली आणि एकाच टोचणीत एक राखाडी ट्यूब आणि सात छोट्या लाल ट्यूबा भरल्या. प्रत्येकीवर क्रमांक घातला आणि वेळ लिहिली. सात वाजून चार मिनिटं. मग त्या एका स्टँडमध्ये खिडकीपाशी ठेवल्या.

"हे तुम्ही," ती म्हणाली.

एक्का वाकून बघत राहिला. ट्यूबांमध्ये काहीच होत नव्हतं. काळपट लाल, शांत. त्याने विचारलं, की आता पुढे काय. आता थांबायचं, ती म्हणाली, आणि आपल्या कामाला लागली.

मधल्या वेळात, मशीनवर हात चालू ठेवून, तिने त्याला सांगितलं ते असं. लाल पेशी म्हणजे पाणी शिरणारी छोटी होडी. बाहेरचं मीठ सारखं आत येतं आणि ते सारखं बाहेर उपसावं लागतं, नाहीतर होडी फुगून फुटते. उपसायला जोर हवा, आणि जोर येतो फक्त साखर मोडून. दुसरं काही जाळायची या पेशींकडे सोयच नाही. साखर मोडायची कशी? एका झटक्यात नाही. दहा जणांची साखळी असते. एकाने उचलून दुसऱ्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्याने थोडं बदलून तिसऱ्याच्या. हातोहात दहाव्यापर्यंत.

"जहाज रिकामं करतात तसं," एक्का म्हणाला.

अगदी तसं, ती म्हणाली. आणि राखाडी ट्यूबेतलं औषध काय करतं, तर नवव्याचे हात बांधतं. मग आठवा अडतो, सातवा अडतो, मागची सगळी रांग उभी राहते.

"नववाच का?"

"औषधाला तोच सापडतो."

हे एक्काला फार पटलं. बंदरावर असा एक नववा माणूस आहे आणि त्याचे हात कुणी न बांधताच रांग अडते, असं तो म्हणाला.

नऊ वाजता तिने पहिली लाल ट्यूब फिरवून मशीनला लावली. अठ्ठ्याहत्तर. राखाडीतलं थोडं घेऊन लावलं. शहाऐंशी. सातला भरल्याबरोबर लावली तेव्हा होती एकोणनव्वद. औषध चढायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात दोनतीन घटते, मग थांबते. आणि मग तिने एक्काचं बोट टोचलं, ताजं रक्त. सत्त्याऐंशी.

एक्काने तिन्ही आकडे स्वतः लिहायला घेतले. अकरा वाजता लाल एकोणसत्तर, राखाडी शहाऐंशी, बोट पंच्याऐंशी. एक वाजता लाल साठ. राखाडी तिथेच. बोट शहाऐंशी. त्याला भूक लागली होती, पोटात आवाज येत होते, पण तो पिशवीकडे बघेना. पाणी तेवढं पीत होता. साडेबाराला आईंचा फोन येऊन गेला. पोरगा उभा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि उभा आहे म्हटल्यावर मग त्याला बसव, म्हणाल्या.

तीन वाजता लाल ट्यूब आली बावन्न. एक्काने आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवून आपल्या बोटाकडे पाहिलं.

"आता टोचा."

त्याच्या कपाळावर बारीक घाम होता. वहिनीला तो दिसला. तिने बोट पुसलं, टोचलं, थेंब हातातल्या छोट्या मशीनच्या पट्टीवर घेतला. मशीनने पाच सेकंद घेतले.

त्र्याऐंशी.

तो खुर्चीत मागे टेकला. "ते खाली गेलं," ट्यूबांकडे हात करून तो म्हणाला, "आणि मी नाही. दोन्हीकडे रक्त तर माझंच."

"ट्यूबेला लिव्हर नाही."

मग तिने उरलेलं अर्धं सांगितलं. काल रात्री तुम्ही जेवलात, त्यातली जास्तीची साखर लिव्हरने बांधून ठेवली. रात्रभर थोडी थोडी सोडली. साठा कमी झाला की ती नवी बनवते. कशापासून, तर इतर गोष्टींबरोबर, या पेशी साखर मोडून जे बाहेर टाकतात त्याच्यापासूनही. पेशींनी टाकलेलं उचलायचं, त्याची पुन्हा साखर करायची, पुन्हा पेशींना पाठवायची. ट्यूबेत टाकलेलं उचलणारं कुणी नसतं. म्हणून तिथला डबा रिकामा होत जातो.

"आणि हे सगळं बंद कधी पडतं?"

"तुम्ही झोपता तेव्हा नाही, रागावता तेव्हा नाही, घाबरता तेव्हा तर नाहीच. घाबरल्यावर लिव्हर उलट जास्त साखर सोडते. तिसऱ्या पायरीवर तुमच्या हाताला घाम आला ना, तेव्हा तुमची साखर वर गेली असेल, खाली नाही."

एक्काने एकदा शर्टाखालून उजव्या बरगडीवर हात ठेवून पाहिला, जसा आपण झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर ठेवतो. वहिनीने मान वळवली, त्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून, आणि वॉर्डातून आलेले दोन नमुने लावून घेतले.

आता खा, असं ती म्हणाली, तर त्याने नकार दिला. शिबिरात सहाला दिलेलं रक्त तपासलं गेलं पावणेपाचच्या सुमारास, म्हणजे पावणेअकरा तास. इथे पावणेअकरा तास व्हायला पावणेसहा वाजतात. तेवढं बघूनच उठेन, म्हणाला. हिशोब त्याने मनातल्या मनात केला होता. वहिनीला हसू आलं. लॅबमध्ये नव्या मुलींसारखा शिकायला आला असता तर तिच्या बोटाचा धाक त्याला लागला नसता.

पाचला तिने एक लाल ट्यूब लावली आणि पावणेसहाला पुढची. शेवटची आली पंचेचाळीस. शिबिराच्या गाडीत ऊन जास्त होतं, दोनाचा फरक त्याचा, ती म्हणाली. बोट, एक्क्याऐंशी.

एक्काने दोन्ही लिहिले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, प्रमाणपत्राच्या शेजारी. मग पिशवी उघडून दोन केळी काढली, एक तिला दिलं, एक स्वतः सोललं. दर दोन तासांनी गिळायचा तसं नाही, भूक लागलेला माणूस खातो तसं त्याने ते खाल्लं. नंतर पावही काढला.

"उद्या पहिल्या पाळीला जातो," खाता खाता तो म्हणाला. "बदलीवाल्याला आताच फोन करून सांगतो, नाहीतर बिचारा उगीच चढेल आणि उतरेल."

फोन झाला. बदलीवाला उलट सुटलो असंच म्हणाला असावा, कारण एक्का बराच वेळ नुसता हं हं करत हसत होता. त्या माणसाला म्हणे वर बसून तिसऱ्या दिवसापासून पाठ धरली होती.

वहिनीने आवरायला घेतलं. वापरलेल्या ट्यूबा तिने पिवळ्या डब्यात टाकल्या. स्टँडमध्ये एक लाल ट्यूब उरली होती, न वापरलेली. तिने सातातली एक जास्तीची भरली होती, कधी एखादी फुटते म्हणून. ती तिने उचलली.

"यात अजून चालू आहे?" एक्काने विचारलं.

"आहे. साखर उरलीय थोडी."

"किती वेळ चालेल?"

"आज रात्रभर, कदाचित उद्या सकाळपर्यंत."

त्याने तिच्या हातातून ट्यूब घेतली आणि परत स्टँडमध्ये उभी केली.

"मग राहू दे," तो म्हणाला. "जेवणारं माणूस मधेच उठवू नये."

वहिनीने ट्यूबेपुढे एक चिठ्ठी चिकटवली, सकाळच्या पाळीच्या मुलीसाठी: टाकू नये, उद्या दुपारी मी बघेन. खाली तारीख घातली, घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ लिहिली. मग दोघं दिवे मालवून घरी जायला निघाली.